उलटा पीळ

१

ग्रामपंचायतीच्या दाराचं कुलूप शाबूत होतं. आत इन्व्हर्टर होता, त्याची जड बॅटरी होती, नवा पंखा होता, सरपंचांची फिरती खुर्चीसुद्धा होती. नव्हता तो फक्त इंटरनेटचा डबा. आमचं अख्खं गाव त्याला 'वायफाय' म्हणतं, आणि त्याच्यावरून आमच्याकडे बांधापेक्षा जास्त भांडणं होतात.

"सत्यशीलाताई, डबा गेला!" असं ओरडत सरपंच राधाकिशन सकाळी माझ्या दारात आले, तेव्हा मी भाकरी थापत होते. हातचं पीठ तसंच ठेवून निघाले.

मी बोरदऱ्याची पोलीस पाटील. नाव दोन्हीकडून भारदस्त, पण अंगावर ना वर्दी ना हातात काठी. शेळी हरवली, पाइप कापला, सून रुसून गेली, की लोक ठाण्याआधी माझ्याकडे येतात. तोंड फटकळ आणि डोळे बारीक, एवढीच माझी हत्यारं.

तेलगावहून आत वळलं की आमचं गाव डोंगराच्या खोबणीत बसलंय. मोबाइलची रेंज गावात उतरतच नाही. त्यासाठी खिंडीवर चढावं लागतं. म्हणून ग्रामपंचायतीचा तो डबा. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर जातं, मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि आमच्यासारखे ओलिताची जमीन असलेले. संध्याकाळी बारकी लेकरं आज्जीचं बोट धरून ग्रामपंचायतीच्या भिंतीशी येतात आणि फोनमध्ये आपली माय बघतात. ती घरी गेली की त्याच भिंतीला थोरली पोरं टेकतात. मग बंदुकांचा खेळ सुरू होतो, चौघांची टोळी करून समोर दिसेल त्याला गोळी घालायची. त्याचं नाव घेऊन मी त्याची जाहिरात करणार नाही. ही पोरं जेवायला उठत नाहीत, बोलावलं तर ऐकत नाहीत, आणि डोळे लाल झाले तरी मान वर करत नाहीत.

मी खोली नीट पाहिली. खांबावरून आत येणारी वायर चोराने तोडली नव्हती. डब्यातून अलगद काढून तिचं वेटोळं केलं होतं, वेटोळं फडक्याच्या पट्टीने बांधून खिळ्याला अडकवलं होतं. चोर घाईत असतो. हा मात्र वायर सांभाळून ठेवून गेला होता.

पट्टीला गाठ नव्हती. दोन्ही टोकं एकत्र पिळून तो पीळ वेटोळ्याच्या पोटात खोचला होता. ढिला वाटला म्हणून मी आवळायला गेले, तर आवळायच्या ऐवजी तो सुटलाच आणि वेटोळं माझ्या पायावर पडलं.

"ताई, पुरावा तुमीच सोडून दिला की," सरपंच म्हणाले.

मी हसले, पण पट्टी कमरेला खोचली. असा बिनगाठीचा पीळ मी आमच्याच शेतात पाहिला होता. ऊसतोडीची माणसं उसाची मोळी हिरव्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्याच शेंड्याच्या पात्यांनी, अशीच बांधतात, पिळायचं आणि खोचायचं, की मोळी गच्च. आणि अशी मोळी बांधणारे हात तर या दिवसांत गावापासून लांब, उसाच्या फडात होते.

२

सरपंचांनी त्याच दिवसापासून तीन दिवस गाव पालथं घातलं. कडबा उपसला, कणग्यांत हात घातले, विहिरीत गळ टाकला. डबा मिळाला नाही.

कुलूप फोडलेलं नव्हतं, म्हणजे किल्लीने उघडलं. किल्ल्या दोन. एक सरपंचांच्या घरी. दुसरी भिवराबाईच्या घरी, कारण तिची नात वर्षाराणी पहाटे ग्रामपंचायत झाडते आणि त्या बदल्यात तिथे बसून पोलीस भरतीचा अभ्यास करते.

मी आधी सरपंचांच्या घरी गेले. त्यांचा पप्पू माडीवर पालथा पडला होता. चांगलं गोरंगोमटं पोरगं, पण डोळ्यांखाली काळं आलेलं.

"रविवारी फायनल हाय, ताई," तो कळवळून म्हणाला. "पार जिल्ह्याबाहेरच्या टीमा हायत्या. मी कॅप्टन. मी कावून चोरीन डबा?"

"मग कुणी चोरला?"

"वर्षाराणीनं. सगळ्यांसमोर म्हणली व्हती, एक दिस ह्यो डबा हिरीत टाकीन म्हनून. तिच्या भावापायी, ह्या प्रवीणपायी. पण प्रवीण नसला तर आमची टीम म्हंजे शून्य, ताई. लई भारी पोरगं. सगळी उजव्या अंगठ्यानं गोळी मारत्यात, ह्यानं फोनवरची बटनंच उलटी लावून घेतलीत. डाव्यानं मारतो. समोरचा उभा राहतोय तवर आडवा."

"तो काय म्हणतो डबा गेल्यावर?"

पप्पूचा चेहरा पडला. "बोलनाच झालाय. आमी तिघं खिंडीवर जातो रेंजला, त्याला हाक मारली तर आलाबी न्हाई. लई मनाला लावून घेतलंय त्यानं."

मी पप्पूच्या हाताकडे पाहिलं. मऊ, गुबगुबीत. या हातांनी आयुष्यात कडब्याची पेंढी बांधली नव्हती.

बाहेर पडताना सरपंचांनी मला अडवलं. "ताई, मला तपास-बिपास कळत न्हाई. उद्या दिवस मावळायच्या आत डबा आला तर ठीक. न्हाई तर मी ठाण्यात तक्रार देतो, वर्षाराणीच्या नावानं."

पुढच्या महिन्यात बीडला वर्षाराणीची मैदानी चाचणी होती. नावावर गुन्हा पडला तर त्या पोरीचं पोलीस होणं तिथेच संपलं असतं.

३

वाटेत रामप्रसाद गुरुजी भेटले. डब्यावर त्यांचाही राग होता. एकदा त्यांनी पोरांचा खेळ बंद व्हावा म्हणून बटण बंद केलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोटारसायकलच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती.

"मी त्या रात्री अंबाजोगाईला होतो," गुरुजी म्हणाले, "बायको दवाखान्यात आहे. पण खरं सांगू? घरी असतो तर मलाही तो डबा चोरावासा वाटला असता. वर्गात मुलं बसतात, डोळे उघडे असतात, आणि आत कुणीच नसतं. प्रवीण बारावीला पहिला येईल असं मी सगळीकडे सांगत होतो. त्याने परीक्षेचा फॉर्मच भरला नाही."

गुरुजी चष्मा पुसत निघून गेले. किल्ली त्यांच्याकडे कधी नव्हतीच, आणि ऊसतोडीशी त्यांचा संबंध चहातल्या साखरेपुरता. त्यांना मी यादीतून काढलं.

भिवराबाईच्या अंगणात वर्षाराणी कडब्याच्या पेंढ्या बांधून भिंतीशी रचत होती. काटक, उन्हाने रापलेली, बोलायला तडफदार. पेंढ्यांचे पीळ एका बाजूला, एका वळणाचे. ओसरीवर प्रवीण गोधडी डोक्यावरून घेऊन गाढ झोपला होता, भर दिवसा. फायनल हुकल्याचं दुःख, असं मी समजले. भिवराबाई चुलीपाशी होती, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"हाताला काय झालं, मावशी?"

"न्हाणीत घसरले," ती चटकन म्हणाली.

त्यांची न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात एक खडबडीत दगड. त्यावर माणूस घसरेल कसा, हे मला कळेना. वर्षाराणीने मान खाली घातली.

"पेंढ्या तूच बांधतेस सगळ्या?" मी तिला विचारलं.

"मीच. आज्जीचा हात असा, अन् ह्यो तर फोन सोडून कशालाच हात लावत न्हाई." तिने झोपलेल्या भावाकडे हनुवटी केली.

"मोळीचा पीळ कुठं शिकलीस?"

"गेल्या साली मायचं ऑपरेशन झालं. तोडीला कोयता म्हंजे दोघांची जोडी, एकट्या बापाला कोन घेतंय? म्हनून मी गेलते तिच्या जागी." ती थबकली. हुशार पोरगी, माझा रोख तिला कळला. "ताई, तुमी मलाच धरायला आलाव न्हवं?"

"किल्ली तुझ्याकडे. पीळ तुझ्या हातातला. धमकी तुझ्या तोंडची. मी काय समजू?"

वर्षाराणीने हातातली पेंढी खाली ठेवली आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवला.

"मी न्हाई घेतला. पण ज्यानं घेतला त्याचे मी पाय धरीन."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांच्या ओट्यावर माणसं जमली. वर्षाराणी खाली मान घालून उभी होती. सरपंच तक्रारीचा मजकूर गुरुजींना सांगत होते आणि गुरुजींचा पेन पुढे सरकत नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून भिवराबाई पुढे आली.

"पोरीचं नाव काढा. डबा म्या घेतला."

गुरुजींनी पेन खाली ठेवला.

"म्या घेतला अन् चुलीत घातला. तीस वर्सं कोयता धरलाय म्या, मोळीचा पीळ मला येत न्हाई व्हय? न्यायचं तर मला न्या ठान्यात."

"आज्जी, गप!" वर्षाराणी ओरडली. "तुमी ऐकू नका, सरपंच."

सरपंच गडबडले. सत्तरीच्या म्हातारीवर तक्रार द्यायची तर तालुक्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. "मावशी, नातीला वाचवायलीस तू," ते म्हणाले. "मला कळतंय. संध्याकाळपर्यंतच थांबीन मी."

मी भिवराबाईला बाजूला घेतलं. "मावशी, डबा प्लास्टिकचा. चुलीत घातला असता तर गावभर वास सुटला असता. आणि तो पीळ द्यायला दोन हात लागतात. तुमचा एक गळ्यात अडकवलाय."

म्हातारी माझ्या खांद्याला टेकून रडायला लागली. "पोरीनं चांगलंच केलंय ग, सत्यशीला. डबा गेल्यापासनं माझं लेकरू पोटभर जेवतंय. रातभर झोपतंय. चार घास माझ्या हातचे खाल्ले त्यानं, किती दिसांनी. ह्याच्यासाठी तुमी पोरीला धरायलाव?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि एकदम थांबले.

म्हातारीला वाटत होतं नातीने केलं. नात तर म्हणत होती, मी नाही. दोघी आपापल्या जागी खऱ्या होत्या. पण त्या घराची किल्ली ज्याच्या हाताला लागेल असं तिसरंही माणूस त्या घरात होतं. त्याच्यावर गावात कुणी संशय घेतला नव्हता. डबा गेल्याने सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच झालं होतं ना!

५

दुपारी मी गुरुजींच्या गाडीवर बसून खिंड चढले. वर दगडांवर पप्पू आणि दोघे जण उन्हात बसले होते. मान खाली, अंगठे चालू. नाकावरची कातडी सोललेली. पप्पूने मला पाहून ओशाळवाणं हसल्यासारखं केलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"प्रवीण?" मी विचारलं.

"आज बी न्हाई आला बे तो," पप्पू शेजारच्याला म्हणाला. माझ्याकडे बघायची त्याला सवडच नव्हती.

आता माणसाचं दुःख मला कळतं. ज्याचा खेळ तुटला तो रेंज शोधत डोंगर चढतो, हे तिघे चढले होतेच. ज्याला खेळाची सगळ्यात जास्त ओढ, तोच घरी बसला होता, जेवत होता, झोपत होता.

मी कमरेची पट्टी काढली. पिळाच्या सुरकुत्या अजून फडक्यावर होत्या. मी दोन टोकं धरून माझ्या हाताच्या वळणाने पिळलं. सुरकुत्या जुळेनात. मग उलटं पिळलं, तशा त्या बरोबर जुळल्या. म्हणून तर त्या सकाळी मी आवळायला गेले आणि पीळ सुटला होता. वर्षाराणीच्या अंगणातल्या पेंढ्यांचे पीळ माझ्याच वळणाचे होते. हा पीळ डावखुऱ्या हाताचा होता. आणि फोनवरची बटणंसुद्धा उलटी लावून घेणारा डावखुरा कोण, ते पप्पूने मला आपणहून सांगितलं होतं.

राहिला डबा. गाव पालथं घातलं तरी सापडला नाही, कारण तो गावात नव्हताच. डबा गेला त्या पहाटे गावातून एकच गाडी बाहेर पडली होती, सटवाचा पिकअप. फडावरच्या माणसांना घरचं पीठ, शेंगादाण्याची चटणी, औषधं पोचवायला तो जातो. ज्याच्या त्याच्या नावाचं गाठोडं बांधून लोक गाडीत टाकतात.

मी तिथूनच, खिंडीवरून, सटवाला फोन लावला. तो सांगलीकडच्या फडातून परत निघायच्या बेतात होता.

"सटवा, भिवराबाईकडचं गाठोडं कुणी आणून दिलं तुला?"

"प्रवीणनं. मला नवल वाटलं, एरवी म्हातारी येती. अन् ताई, त्यात ज्वारीचं पीठ हाय म्हनला. पिठाला कोपरे असत्यात व्हय? मांडीला टोचलं की माझ्या."

"गाठोडं दिलंस प्रवीणच्या मायला, बबिताला?"

"दिलं की. अन् आता तिनं त्यातलंच काहीतरी परत माझ्याकडं दिलंय, बोरदऱ्याला न्यायला. म्हनली, वस्तू गावाची हाय, फक्त सत्यशीलाताईच्या हातात दे."

६

प्रवीण अंगणात होता. डबा गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्याला गोधडीबाहेर नीट पाहिलं. सतरा-अठराचं पोर, खांदे रुंद, चेहरा अजून लहान मुलाचा.

"शेळीला घालायला एक पेंढी बांधून दे रे," मी म्हणाले.

तो खाली बसला. कडबा जुळवला, टोकं धरली, डाव्या हाताने पीळ दिला आणि खोचला. लहानपणी तो मायबापाबरोबर फडात जायचा, आणि तिथे वाढ्यांच्या पेंढ्या बांधायचं काम लेकरांकडे असतं. पोर विसरतं, त्याचा हात विसरत नाही.

मी ती पेंढी उचलून वर्षाराणीच्या पेंढ्यांशेजारी ठेवली. मग पट्टी काढून त्याच्यासमोर धरली.

"तुझा पीळ उलटा आहे, प्रवीण."

तो पळाला नाही. खोटंही बोलला नाही. नुसता हाताकडे बघत राहिला, त्या डाव्या हाताकडे.

"मीच आज्जीला सांगितलं व्हतं, ताई," तो म्हणाला. "माझा फोन लपव. मी मागितला तरी दिऊ नको. पाया पडलो तरी दिऊ नको. मीच. अन् त्याच सांजंला मी मागितला. तिनं दिला न्हाई. पदराखाली धरून बसली. मग मी तिला..."

त्याने डाव्या हाताने हवेतच ढकलल्यासारखं केलं.

"हाड मोडल्याचा आवाज आला मला. अन् तरी मी आधी फोन उचलला, ताई. आज्जीला मागनं उचललं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ते वय तसं नसतं, म्हणून मी नुसती त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

"फोन फोडायचा होतास मग."

"पप्पूकडं दुसरा जुना हाय. तो दिला असता त्यानं. फोन लपवला तर मी हुडकनार. कुनी दाबून धरला तर मी ढकलनार. डबाच नसला तर कुनाला ढकलू?"

"आणि मायकडे कशाला पाठवलास?"

"गावात कुठंबी पुरला असता तरी ठिकान मला म्हाईत असतं न्हवं? मी उकरून आनला असता. पैल्या दिशी तर हात असे कापत व्हते..." त्याने दोन्ही हात पुढे केले. "मायकडं गेला की गेला. ती कुनाला देत न्हाई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी परत आनून बसवला असता. अजून थोडे दिस पायजे व्हते मला, ताई. फक्त थोडे."

मला त्याला सांगायलाच लागलं. "प्रवीण, सरपंच संध्याकाळी ठाण्यात चाललेत. तक्रार वर्षाराणीच्या नावाने आहे. सकाळी आज्जीने सगळ्यांसमोर कबुली दिली, तिला वाचवायला."

झोपेतून उठवावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. त्या घरातल्या दोघी बायकांनी त्याची झोप मोडू नये म्हणून त्याला काहीच कळू दिलं नव्हतं.

मग तो अनवाणीच पळत सुटला.

७

मी धापा टाकत पोचले, तेव्हा सरपंचांच्या ओट्यासमोर तो उभा होता आणि सांगून झालं होतं. सगळं, आज्जीच्या हातासकट. वर्षाराणी भिंतीला टेकून रडत होती. इतकी खमकी पोरगी, पण तिचा हुंदका आवरत नव्हता.

सरपंच पेटले. "म्हंजे सरकारी वस्तू चोरली तर चोरली, वर सगळ्या गावाला हिंडवलं! तक्रार तुझ्या नावानं जाईल आता."

"द्या," प्रवीण म्हणाला. "माझ्या बहिणीचं नाव काढा म्हंजे झालं."

"बाबा, दिऊ नका."

हे पप्पू बोलला. खिंडीवरून नुकताच उतरलेला, तोंड भाजलेलं. बापाच्या समोर मान वर करून बोलताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

"त्याला निदान कळलं तरी, बाबा. मला तर कळूनबी उठता येत न्हाई. आज उन्हात चक्कर आली मला. पडलो. अन् पडल्या पडल्या पैले मॅच बघितली, हरलो का काय ते." त्याने खिशातला फोन काढला आणि बापासमोर ओट्यावर ठेवला. ठेवल्यावरही त्याचं बोट क्षणभर फोनवरच राहिलं. "आमाला कुनीतरी धरा. तक्रार-बिक्रार नका दिऊ."

सरपंच खाली बसले. गावात वायफाय आणलं म्हणून याच माणसाने निवडणुकीत हार घालून घेतले होते, आणि लेकाला नवा फोनही त्याच कौतुकात दिला होता. त्यांनी लेकाच्या सोललेल्या नाकाकडे बघितलं, गुरुजींच्या हातातला कागद घेतला आणि घडी करून खिशात टाकला. पुन्हा तो कुणी पाहिला नाही.

"पन डबा लागतोय, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "तिकडं बघा."

ग्रामपंचायतीच्या भिंतीशी बारकी लेकरं आज्ज्यांची बोटं धरून उभी होती. डबा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी येत होती, थोडा वेळ उभी राहत होती आणि परत जात होती. प्रवीणने तिकडे पाहिलं. त्याची मान आणखी खाली गेली. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

८

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सटवाने पिशवी माझ्या हातात दिली. आत डबा, त्याच्याभोवती गुंडाळलेली छोटी वायर, आणि वायरला फडक्याचा उलटा पीळ, जसाच्या तसा.

"बबितानं हे सोडलंसुद्धा न्हाई," सटवा म्हणाला. "तिनं बघितलं अन् म्हनली, माझ्या डावऱ्याचा पीळ हाय ह्यो. लेकरानं आपल्या हातानं बांधून पाठवलंय, त्येच्याच हातानं सुटू द्या."

मी प्रवीणला बोलावलं. गुरुजी आणि सरपंचांशी बोलून ठरवलं होतं: संध्याकाळी लेकरांच्या फोनापुरता डबा चालू, ग्रामपंचायतीच्या कामापुरता चालू, बाकी वेळ माझ्या कपाटात. गुरुजी दोघा पोरांना अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जाणार होते, तिथे या व्यसनावर बोलणारे डॉक्टर आहेत म्हणून. एवढ्याने सगळं सुटेल असं मला वाटत नाही. पण सुरुवात तर हवी.

प्रवीणने डबा हातात घेतला. बराच वेळ घेऊन उभा राहिला. मग डाव्या हाताने पीळ सोडला, वायर लावली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला तशी भिंतीशी लेकरांनी एकच गलका केला. तो मात्र त्या दिव्याकडे पाठ करून बाहेर पडला आणि चालत चालत मारुतीच्या पाराच्याही पुढे, जिथे वायफाय पोचत नाही अशा बांधावर जाऊन बसला. थोड्या वेळाने पप्पूही तिकडे गेला. वर्षाराणी त्यांच्यासमोरून धावायचा सराव करत फेऱ्या मारत होती.

माझ्या फोनवर व्हिडिओ कॉलला बबिता आली. तोंडावर दिवसभराची धूळ, डोक्याला फडकं, मागे कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, बाहेर चूल पेटलेली.

"ताई, पोरगं कुठंय माझं? दावा की."

मी फोन वळवला, पण इतक्या लांब तो दिसणार नव्हता. "बांधावर बसलाय, बबिता. इथं वायफायच्या जवळ येत नाही तो. भीती वाटते त्याला. हाक मारू?"

फडात दिवस दिवस राबून संध्याकाळी ती एवढ्याचसाठी फोन धरते, हे मला माहीत होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि धुळीचा एक ओला पट्टा गालावर उमटला.

"नगा मारू," ती म्हणाली. "बसू द्या तिथंच. मला दिसला न्हाई तरी चालतंय."